पंगतीतली तुळस

चंद्राकाकूंना मोकळी जागा बघवत नसे. चार भाकरींच्या डब्यात त्या सहा भरत आणि झाकण लागेना म्हणून वरून गुडघा टेकवत. जीपमध्ये दोन माणसांत बोटभर फट दिसली की, "सरका की जरा, एक लेकरू बसंल," म्हणून कुणाचंही पोर तिथं कोंबत. दुसरी खोड घाईची. दुपारच्या लग्नाला त्या इतक्या लवकर पोचत, की मांडववाल्याला खांब धरून द्यायचं काम त्यांच्याकडंच येई.

काकू माझ्या चुलत सासूबाई. मी बेंबळीहून लग्न होऊन मुरुमजवळच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या नव्या कपाटात स्वतःच्या गोधड्या भरल्या. म्हणाल्या, "रिकामं कपाट लई वंगाळ दिसतंय गं." काकू जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या गोधड्या अजून माझ्याच कपाटात आहेत.

काकूंचं विहिरीजवळ एक लहानसं रान होतं. मुरुमच्या बाजारामागं बसवराज नावाच्या माणसानं तेल काढायची भट्टी टाकली, गवती चहा आणि तुळस विकत घ्यायला लागला, तेव्हा काकूंनी तुळस लावायचं ठरवलं. "देवाचं पीक हाय, घाटा कसा यील?"

बी आणलं आणि ऐन उन्हाळ्यात वाफ्यात टाकलं. बसवराज म्हणाला होता, पावसाच्या थोडं आधी टाका. पण कुणाच्या आधी काही करायचं राहिलं तर काकूंना झोप लागत नसे. पाऊस आला तोवर वाफ्यातली रोपं थोराड होऊन मंजिऱ्या धरून बसली होती. मी म्हटलं, "काकू, ही रोपं जून झाली वाटतं." त्या म्हणाल्या, "वयात आलेली लेक हाय, लवकर रुळंल सासरी."

लावणही त्यांच्या पद्धतीची. रोपाला रोप खेटून. मी मध्ये जागा सोडायला लागले की मागून हात यायचा आणि त्या जागेत आणखी एक रोप बसायचं. पुढं रान असं गच्च दिसू लागलं, की काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून बांधावर नेत. "बग, मुंगी शिरंल का मदी?"

मंजिऱ्या भरात आल्यावर अर्धं रान कापलं. कापायच्या आधी काकूंनी प्रत्येक ओळीला हात जोडले, त्यामुळं दुपार झाली. शिगोशीग भरलेल्या ट्रॉलीच्या ढिगावर बसून त्या मुरुमात शिरल्या, तेव्हा मला आमदारांच्या मिरवणुकीची आठवण झाली.

भट्टी पेटली, वाफ झाली, नळीतून थेंब थेंब तेल आलं. एवढ्या ट्रॉलीचं तेल एका लहानशा बाटलीत मावलं, आणि वर बाटलीत मोकळी जागाही राहिली.

काकूंनी आधी बाटली बघितली, मग बसवराजला. मग उठून भट्टीच्या मागं जाऊन आल्या, नळी वाकून तपासली, त्याच्या सायकलची पिशवीसुद्धा हुंगली.

"कुठं दडवलंस तेल?"

"अव्वा, जेवढं निघालं तेवढं तुमच्या पुढं हाय."

"चोर हाईस तू!" भर बाजारात, आवाज चढवून. भाजीवाल्या बायका उठून बघायला आल्या. बसवराज लाल झाला. भट्टी विझवली आणि म्हणाला, "चला तुमच्या रानात. चोर कोण ते दाखवतो."

रानात येऊन त्यानं उभ्या तुळशीत दोन्ही हात घातले आणि झाडं बाजूला सारली. वर हिरवं छत, खाली नुसत्या वाळक्या काड्या. पानं केव्हाच गळून गेलेली.

"अव्वा, तेल पानात आन् मंजिरीत असतंय. काडीत न्हाय. दाटी झाली की झाड उन्हापाई नुसतं वर पळतंय, खालचा पाला जातोय. त्यात तुमची रोपं वाफ्यातच म्हातारी झालेली. फुटवे फुटायचे कुठून?"

काकूंनी एक काडी मोडून हुंगली. बसवराजला त्यांनी चहा पाजला, पण एक शब्द बोलल्या नाहीत. आणि काकूंचं न बोलणं आम्ही घरात पहिल्यांदाच ऐकत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात बियाण्याची पिशवी माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "सुमन, हे दडवून ठेव. मला सापडलं तर मी आजच टाकीन." मी ती पिठाच्या डब्यात ठेवली, त्यांनी शोधून काढली. गव्हाच्या कोठीत ठेवली. तिथूनही काढली आणि पुन्हा माझ्याच हातात आणून दिली. "नीट दडीव की गं. माझा जीव र्‍हायना."

लावणीच्या दिवशी त्या घरातले जेवायचे पाट घेऊन रानात आल्या. एक पाट, एक रोप. पुढं परत पाट. दोन ओळींत वाढणारी बाई चालेल एवढी वाट. "पंगत हाय ही," त्या मला सांगत होत्या, "वाढनारनीचा पाय पानाला लागू ने." मध्येच त्यांचा हात एखाद्या मोकळ्या जागेकडं जायचा आणि त्या तो पदरात गुंडाळून घ्यायच्या.

उरलेली रोपं फेकायची कशी? तुळस होती. मग काकूंनी ती गावाला वाटली. शाळेत, दवाखान्यात, न्हाव्याच्या दुकानासमोर. घ्यायला कुणी नाही म्हणालं की त्या विचारत, "देवाला न्हाय म्हनायलास व्हय?"

त्या वर्षी झाडं जमिनीपासून शेंड्यापर्यंत पानांनी भरली. ट्रॉली मागच्याएवढी उंच नव्हती, काकू वर बसल्या नाहीत, माझ्याशेजारी चालत आल्या. भट्टी पेटली. पहिली बाटली काठोकाठ भरली, तेव्हा बसवराजनं दुसरी लावली. काकूंनी नळी तपासली नाही.

त्या उठल्या आणि भट्टीला वळसा घालून बाजारात, भाजीवाल्या बायकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ऐका गं! ह्या बसवराजला म्या चोर म्हनलं व्हतं. त्यो चोर न्हाय. चूक माझी व्हती!"

बसवराज पळत आला. लाजून त्याला कुठं बघावं कळेना. "अव्वा, राहू द्या, हळू बोला."

"का?" काकू म्हणाल्या. "चोर म्हनताना हळू बोलले व्हते का?"