उपासातला आवाज

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला प्रभूशी बोलायचाही कंटाळा आला होता. साक्षीची सुरुवात अशी करू नये, ठाऊक आहे. पण चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला उभं राहिलं की आपण सगळे नेमका हाच भाग गाळतो, म्हणून आधी तोच सांगून टाकते. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही सावलीला राहत होतो. माझे मिस्टर बांबूच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. अहेरीच्या बाजारात एका सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातून कप पडला, आणि तेव्हापासून उजवं अंग गेलं ते गेलंच. वाचाही गेली. किती मोठ्या गळ्याचा माणूस! फेरीवरून कोणत्याही वेळी आले तरी दारातूनच ओरडायचे, "जेवली काय वो?" आधी हे विचारायचे आणि मग चपला काढायचे. लकव्यानंतर त्यांच्याजवळ "हो" आणि "नाई" एवढेच शब्द उरले, आणि तेही पुष्कळदा उलटे पडायचे.

मी मुलांच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. सकाळी तिथला भात-वरण, मग घरी यांचं अंग पुसणं, कुशीवर वळवणं, हातापायांचा व्यायाम, रक्तदाबाच्या गोळ्या, आणि संध्याकाळी पुन्हा वसतिगृहाची चूल. दोन वर्षं असं चाललं. मी रडायचीही बंद झाले होते, कारण रडायलासुद्धा थोडी ताकद लागते. मंडळीतली माणसं प्रेमळ होती, पण प्रत्येकाकडे माझ्यासाठी प्रभूचा एकेक निरोप होता. कोणाला प्रार्थनेत दिसलं की यांना नागपूरला न्यावं, कोणाला दिसलं की नेऊ नये. देव माझ्याबद्दल सगळ्या गावाशी बोलतो आणि माझ्याशीच तेवढा बोलत नाही, असं वाटून मला चक्क राग यायचा.

अशातच चंद्रपूरकडून एक प्रचारक बंधू आले. त्यांचा आवाज भारदस्त होता आणि माईक हातात आला की तो आणखी चढायचा. सभा संपल्यावर ते आमच्या घरी आले. यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं की येत्या ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी, हा माणूस स्वतःच्या पायांनी मंडळीत चालत येईल. मात्र घरातल्या कोणीतरी मन लावून उपास करायला हवा. घरात दुसरं होतंच कोण? आमच्या म्हाताऱ्या पाळकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, घाई करू नका. कोनताही आवाज आला त वचनाशी ताडून पाहा." मला त्यांचं बोलणं कोमट वाटलं. बुडत्या बाईला असला सबुरीचा सल्ला काय कामाचा, असं मनात म्हणत मी घरी आले आणि उपास धरला.

आधी एक वेळ जेवत होते. शेवटच्या आठवड्यात फक्त पाण्यावर आले. वसतिगृहात पातेलंभर भात शिजवायचा, मुलांना आग्रहानं वाढायचं, आणि घरी उपाशी यायचं. चैत्राचं ऊन, त्यात चुलीची धग. गंमत अशी की पहिले काही दिवस मला खूप हलकं वाटलं आणि त्यालाच मी पवित्र आत्म्याची भेट समजले. नंतर सगळ्यातच खुणा दिसायला लागल्या. छपरावर कबुतर बसलं तर खूण, दिवा फडफडला तरी खूण. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे यांनीही ताट सारायला सुरुवात केली. मी घास तोंडाजवळ नेला की मान फिरवायचे आणि "नाई, नाई" करत डाव्या हातानं माझा हात माझ्याकडेच ढकलायचे. चार घास कसेबसे जायचे. मी मंडळीत आनंदानं सांगितलं की प्रभूनं यांनाही उपासात सामील करून घेतलंय. सगळे हालेलूया म्हणाले.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मंडळीतल्या भक्तीहून घरी आले आणि गोळी काढायला डबा उघडला, तेव्हा तो आवाज ऐकला. कानांनी की मनानं ते आजही सांगता येणार नाही, पण शब्द स्वच्छ होते. गोळ्या टाकून दे, विश्वास धर, रविवारी सगळ्यांसमोर त्याला उभं कर. पुस्तकी, ठाशीव मराठी. माझ्या अंगावर काटा आला. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळ्या चुकल्या तर दुसरा झटका येईल आणि त्यातून हे उठणार नाहीत. पण इतक्या महिन्यांनी देव माझ्याशी बोलला होता, आता त्याला कसं नाही म्हणायचं? पाकीट मी पिठाच्या डब्यामागे सारलं. त्या संध्याकाळी गोळी दिली नाही आणि शनिवारी सकाळीही दिली नाही. मनात धाकधूक होती, आणि त्या धाकधुकीलाच अविश्वास म्हणून मी दटावत होते.

शनिवारी वसतिगृहातली मुलं सुटीला घरी गेली होती. दुपारी मी गल्लीतल्या बोरिंगवर पाणी हापसत होते आणि एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली. नंतरचं आठवतं ते एवढंच की एक बाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या पदराला मासळीचा वास होता. वैनगंगेवर मासे धरणारी ढिवरीण होती, टोपलीत झिंगे घेऊन विकायला निघालेली. आमच्या गल्लीत ती कधी येत नसे. पलीकडल्या गल्लीत कुत्रं मागे लागलं म्हणून इकडे वळली होती, हे तिनंच नंतर कुत्र्याला शिव्या घालत सांगितलं.

"माय वो, काई खाल्लं हाय का नाई बाई?"

"उपास हाय मले."

"मंग सोडा तो उपास. अशा उन्हात मरून पडसान त घरच्यायले कोन पाहीन?"

तिनं मला जवळजवळ उचलूनच घरात आणलं आणि यांच्या खाटेशी भिंतीला टेकून बसवलं. मग न विचारता चुलीकडे गेली, सकाळचा भात पाण्यात कुस्करून मीठ घातलं आणि वाटी माझ्यासमोर ठेवली. मी मान फिरवली. "नाई," म्हणत तिचा हात बाजूला सारला. अगदी त्याच क्षणी खाट करकरली. हे डाव्या कोपरावर जोर देऊन उठायला बघत होते. चेहरा लाल झालेला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. मला वाटलं, झटका आला. मी घाबरून त्यांचा हात धरला. तेव्हा त्यांच्या गळ्यातून अडखळत, फाटत, दोन वर्षांत न आलेला एक शब्द आला.

"जे... जेव."

ढिवरीण म्हणाली, "पाहा, तेबी तेच म्हनून राह्यले."

आणि मला उमगलं. हे कसला उपास करत होते! मी जेवत नव्हते म्हणून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. इतके दिवस तो डावा हात घास माझ्याकडे ढकलत होता, आणि मी त्याचा कौतुकानं आध्यात्मिक अर्थ लावत बसले होते. मी वाटी उचलली. रडत रडत जेवले. मग त्याच वाटीतून त्यांना भरवलं, आणि त्यांनी एकदाही मान फिरवली नाही. पिठाच्या डब्यामागचं पाकीट काढून गोळी दिली. आणि ढिवरीण "पडा थोडं, मी बसतो इथी" म्हणाली तशी जमिनीवरच आडवी झाले. अशी झोप मला लग्नाआधी लागत असेल.

उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. ती गेली होती आणि चुलीपाशी पळसाच्या पानात मूठभर झिंगे ठेवले होते. मी कान देऊन ऐकलं. शुक्रवारचा तो आवाज कुठेच नव्हता. पोटात अन्न गेल्यावर आणि डोळ्यांना झोप मिळाल्यावर जो आवाज विरून जातो, तो कोणाचा होता? आठवून पाहिलं तर त्याला माईकचा घुमारा होता. तो मला घाई करत होता, धाक घालत होता आणि त्याला बघायला माणसंही हवी होती. त्यावरून पाळकांचं बोलणं आठवलं आणि मी बायबलातल्या वचनाशी ताडून पाहिलं. कबरेतून उठलेला प्रभू रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना किनाऱ्यावर भेटला, तेव्हा त्यानं आधी विस्तव पेटवून मासे भाजले होते आणि त्यांना खायला बोलावलं होतं. बाकीचं बोलणं जेवणानंतर. चुलीपाशी झिंगे निवडता निवडता मी हे आठवत होते, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून प्रार्थना निघाली.

रविवारी आम्ही मंडळीत गेलो नाही. बंधूंनी सगळ्यांसमोर सांगितलं म्हणे, की त्या बाईचा विश्वास ऐन वेळी खचला. मला लागलं ते. पाळक मात्र भक्तीनंतर घरी आले, झिंग्यांचा रस्सा आमच्यासोबत जेवले आणि काही न विचारता गेले. मिस्टर पुढेही चालले नाहीत. अजून काही वर्षं जगले, खाटेवरच, आणि एका पहाटे झोपेत शांतपणे गेले. तोवर "हो" आणि "नाई"च्या जोडीला तो तिसरा शब्द टिकून राहिला, आणि दुपारी तो ऐकल्याशिवाय मी घास घेत नसे. ढिवरीण पुन्हा कधी आमच्या गल्लीत दिसली नाही. बाजारात शोधलं, भेटली नाही. तिला कोणी पाठवलं यावर मी वाद घालत नाही. त्या कुत्र्यासाठीही मी आभार मानले आहेत.

आत्म्यांची पारख करायला, म्हणजे कोणता आवाज देवाचा ते ओळखायला, मी कुठे शिकले, असं मंडळीतल्या तरुण बायका विचारतात. मला मोठं काही सांगता येत नाही. थकले असेन तर त्या दिवशी मी कोणताही निर्णय देवाच्या नावावर घेत नाही, एवढंच. आधी त्याच्या हाती सगळं सोपवते, जेवते, झोपते, आणि मग विचारते. अजूनही वसतिगृहात मुलांची पंगत उठल्यावर मी एकटीच ताट वाढून घेते आणि डोळे मिटून थोडी थांबते. मुलांना वाटतं, बाई प्रार्थना करून राह्यली. करतेच. पण त्याआधी क्षणभर मी तो शब्द यायची वाट बघते, आणि मग जेवते.