कोरेभाऊंचे रडके पिक्चर

कोरेभाऊ मला पहिल्यांदा दिसले ते रडताना. चिंचवडहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, सकाळच्या शिफ्टला, पन्नाशीचा एक धिप्पाड माणूस खिडकीपाशी बसून डोळे पुसत होता. माझा नोकरीचा दुसरा दिवस. घरात कुणीतरी गेलं असावं असं वाटून मी पाण्याची बाटली पुढे केली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?" त्यांनी कानातला इअरफोन काढला. "हिरोची आई," ते म्हणाले, "आन् हिरोला अजून पत्ता नाही." मग अर्धी बाटली संपवून ते पुन्हा मोबाइलमध्ये शिरले. बसमधल्या कुणीही मान वर केली नाही. त्यांना सवय होती.

भानुदास कोरे मूळचे लातूरकडचे. आमची कंपनी गाड्यांच्या दारांची कुलपं बनवायची आणि कोरेभाऊ शेवटच्या तपासणीला होते. त्यांनी पास केलेलं कुलूप कधी परत आलं नाही. सिनेमेही ते तसेच तपासत. आजवरचा सगळ्यात दुःखी सिनेमा कोणता, यावर कॅन्टीनमध्ये रोज वाद व्हायचा. युनियनवर बोलायची कुणाची छाती नव्हती, म्हणून सगळा जोर इथे निघायचा. एकदा पेंट शॉपच्या एकाने आपला उमेदवार पुढे केला: नायिका आंधळी, भाऊ तुरुंगात, नवरा पुरात वाहून गेलेला आणि शेवटी तिलाच कॅन्सर. कोरेभाऊंनी भाकरीचा घास शांतपणे संपवला. "एवढं सगळं एकाच बाईवर? हे रडवणं नव्हं लेका, ही मारहाण हाय. रिजेक्ट." मेलेल्यावर कॅमेरा लावणारा दिग्दर्शक त्यांच्या मते कामचुकार होता. "मागं राहिलेलं माणूस दुसऱ्या दिवशी सवयीनं दोघांचा चहा टाकतंय, ते दाखव. मग बघ गळा कसा दाटतो."

मी एचआरमध्ये कारकून होतो. एका वर्षी वरून आदेश आला की 'आनंद सप्ताह' साजरा करा. आनंद कसा करायचा हे आदेशात नव्हतं. प्लांटच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं, सगळ्यांना एकत्र बसवून सिनेमा दाखवू. निवड अर्थातच कोरेभाऊंची. त्यांनी एक जुना काळापांढरा सिनेमा आणला. गिरणीतून काढून टाकलेला एक वॉचमन रोज इस्त्रीचा गणवेश घालून गेटबाहेर बसतो, एवढीच गोष्ट. मध्यंतरात समोशांसाठी कुणी उठलं नाही, असं त्या कॅन्टीनमध्ये पूर्वी कधी घडलं नव्हतं. साहेब हुंदके देत होते. मीही देत होतो. शेवटी साहेबांनी माइक घेतला आणि म्हणाले, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." ओल्या डोळ्यांचा त्यांचा फोटो नोटीस बोर्डावर लागला. तो मीच लावला.

पुढच्या सोमवारी त्याच कुटुंबातल्या बावीस कंत्राटी माणसांना काढायचं ठरलं. यादी मी टाइप केली, साहेबांनी फोनवर बोलता बोलता सही केली. कागदोपत्री सगळं नीट दिसावं म्हणून प्रत्येकाच्या वरिष्ठाने 'काम असमाधानकारक' असं लिहून द्यायचं होतं. यादीत संदीप होता. तो सहा वर्षं कोरेभाऊंच्या हाताखाली होता. मी त्याचा कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो.

"हे तू टाइप केलंस?" त्यांनी विचारलं.

"वरून आलंय, भाऊ."

पेन काढून त्यांनी सावकाश लिहिलं, 'काम उत्तम. सहा वर्षांत एकही खराब कुलूप नाही.' खाली सही केली. मग संदीपला बरोबर घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी दारात उभा राहिलो.

"साहेब, परवा तुमी त्या वॉचमनसाठी रडलात. हा संदीप. ह्याला तर तुमी रोज बघता."

साहेब अवघडून म्हणाले, "कोरे, तो सिनेमा होता."

"व्हय. म्हणूनच विचारालोय."

संदीप गेलाच. पण त्या कागदाची झेरॉक्स त्याच्या खिशात होती आणि महिनाभराने तळवड्याच्या एका कारखान्यात तिच्यावरच त्याला काम मिळालं. कोरेभाऊंची बदली भंगार यार्डात झाली. 'अनुभवी सहकाऱ्यास नवी संधी' ही त्या नोटिशीची भाषाही माझीच. निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं त्यांनी तिथे मोडक्या कुलपांच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून काढली. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायचो. ते मला नवे रडके पिक्चर सांगायचे. त्या कागदाचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मला काढता आला नाही.

निवृत्तीनंतर ते गावी गेले. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला की बाबा गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दहाव्याला मी वल्लभनगरहून लातूरची एसटी धरली, तर आत संदीप बसलेला. त्याने शेजारची पिशवी उचलून मला जागा दिली. भिगवणपर्यंत आम्ही इकडचंतिकडचं बोललो. मग मला राहवेना.

"संदीप, ती यादी मी टाइप केली होती."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. कोरेभाऊंनीच सांगितलं. म्हणाले, त्याला काही विचारू नको. पिक्चर बघून रडतोय म्हंजे आत काहीतरी हाय. आपणहून सांगेल."

संदीपने डब्याचं झाकण उघडलं, पोळीभाजी माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "त्यांच्या हयातीत सांगायला हवं होतं, सर. ते वाट बघत होते."