उशिरा येणारा सूर

परवा जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि तापलेल्या धुळीच्या वासानं देवपूरच्या घरातली उन्हाळ्याची एक दुपार आठवली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायू होऊन गेला होता. एरंडोलकडच्या आमच्या गावी त्यांनी जन्मभर भजनात पेटी वाजवलेली, पण आता डावा हात उचलत नव्हता, मग भाता हलवणार कोण? म्हणून मी भाता न लागणारा मिडी कीबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधून वाजणाऱ्या पट्ट्या, आणून लिनक्सवाल्या कॉम्प्युटरला जोडला. कूलरमधलं पाणी संपलं तरी आवाज निघेना. शेवटी कळलं, आवाज स्पीकरऐवजी मॉनिटरकडे जात होता. ते निस्तरलं, तर पट्टी दाबल्यावर सूर मागाहून यायचा. सेटिंगमध्ये आवाज थोडा साठवून मग सोडणारा बफर कमी केला की आवाज फुटायचा, वाढवला की आणखी मागे राहायचा. घामानं माउस हातातून निसटत होता, डोकं भणभणलं होतं. वैतागून मी वायर उपटायला निघालो, तर आबांनी उजव्या हातानं माझं मनगट धरलं. आजारपणापासून त्यांचा एकेक शब्द ओठांवर यायला वेळ लागायचा. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि बऱ्याच वेळानं, "माले बी... बोलाले येळ लागस." मग त्यांनी एक पट्टी दाबली, मान तिरकी करून वाट पाहिली आणि सूर आल्यावरच दुसरी दाबली. असं करत संध्याकाळपर्यंत एक अभंग झाला. आता आबा नाहीत. नव्या कॉम्प्युटरवर पट्टी दाबताच सूर येतो, आणि दर वेळी वाटतं, कसली एवढी घाई आहे याला.