जर्मन पाच आणि रजिस्टर लग्न

आमच्या तळवड्याच्या वर्कशॉपमधलं स्क्रॅप दर शनिवारी उचललं जातं. किस्से मात्र कुणी उचलत नाही, ते साठतच जातात! त्यातले निम्मे ड्रॉइंगवरच्या एका बारक्या त्रिकोणाने दिलेत. 'इथे वेल्डिंग करा' सांगणारी ती खूण. एक आडवी रेघ, तिच्या टोकाला जोड दाखवणारा बाण आणि रेघेला चिकटलेला त्रिकोण. बस्स! पण राव, अमेरिकेत तिचा अर्थ एक आणि जर्मनीत दुसरा.

मी क्वालिटीला, तात्या वेल्डिंगला. तात्या इथल्याच जुन्या गावातले, शिक्षण सातवी. हात असा, की त्यांचा टाका बघून ग्राहक फोटो काढतात. मग एक्स्पोर्टचं काम आलं आणि सोबत अट आली: ज्याला ड्रॉइंगवरची खूण वाचता येत नाही, त्याने जॉबला हात लावायचा नाही. परीक्षा घ्यायला परदेशातून ऑडिटर येणार. तात्या नापास झाले तर थेट ग्राइंडिंगला, दुसऱ्यांचे टाके घासायला! ज्यांच्याकडून अख्खं वर्कशॉप शिकलं, ते तात्या ग्राइंडिंगला, हे मला कल्पनेतही सहन होत नव्हतं.

*

पहिला घोटाळा अमेरिकन ब्रॅकेटचा. बाण जिथे टेकला होता, तिथे तात्यांनी झकास वेल्डिंग मारलं. अख्खा लॉट! मग कळलं, अमेरिकन कागदावर त्रिकोण रेघेखाली असेल तर वेल्डिंग बाणाच्या बाजूला, रेघेवर असेल तर पलीकडच्या बाजूला. आमचा त्रिकोण वर होता.

ग्राहकाची मेल आली, "वेल्डिंग अप्रतिम. बाजू चुकीची."

आमचे मालक भलतेच आशावादी. म्हणाले, "अप्रतिम म्हणतोय ना? मग त्याला सांग, उलटं लाव!"

*

कधीकधी त्या खुणेवर छोटासा झेंडा असतो. म्हणजे हा जोड वर्कशॉपमध्ये करायचा नाही, साइटवर नेऊन करायचा.

मालकांना वाटलं, झेंडा म्हणजे मानाचा जोड. म्हणाले, "झेंडेवाले आधी उरका!"

उरकले. मोठी फ्रेम एकसंध तयार झाली. नारळ फुटला, पेढे वाटले. मग ती शटरमधून बाहेर निघेना! शेवटी तात्यांनीच गॅस कटरने तिचे दोन तुकडे केले आणि मालकांना म्हणाले, "झेंडा उतरवला बरं का, शेट!"

*

ड्रॉइंग बघायला आमच्या सुवर्णा मॅडम, परभणीच्या. जर्मन कागदावर टाक्याचं माप पाच होतं. तात्यांनी कड मोजून बरोब्बर पाच मिलिमीटरचा टाका घातला.

मॅडम म्हणाल्या, "तात्या, ते जर्मन लोक टाक्याचा गळा, म्हणजे मधली जाडी मोजायलेत, आपण पाय, म्हणजे कड मोजायलोत. गळा पाच पाहिजे असेल तर पाय सात घ्यावा लागतो."

"पाच म्हंजी पाच! जर्मन पाच येगळा आसतो व्हय?"

"असतो की!"

चार वाजता तात्या गेटवरून टपरीवाल्या नानाला ओरडले, "नाना, पाच चहा! आन् जर्मन पाच बरं का!"

आता नाना काही न विचारता सात आणतो.

*

ऑडिट जवळ आलं तसं मी तात्यांना रोज जेवणाच्या सुट्टीत शिकवायला बसलो. जर्मन खुणेत सरळ रेघेला लागून एक तुटक रेघ असते. त्रिकोण सरळ रेघेवर असेल तर वेल्डिंग बाणाच्या बाजूला, तुटक रेघेवर असेल तर पलीकडे. अमेरिकन खुणेत तुटक रेघच नाही. दोन दिवस सांगून सांगून माझा घसा बसला, पण काही उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी तात्यांनीच मला शिकवलं. "ही तुटक रेघ म्हंजी अंतरपाट. बाण हाय तिकडं नवरा. त्रिकोण अंतरपाटावर बसला, का टाका पल्याड, नवरीकडं. सोपं तर हाय!"

"आणि अमेरिकन?"

"त्यात अंतरपाटच न्हाई. रजिस्टर लग्न! तिथं नुस्तं वर-खाली बघायचं."

तेव्हापासून आमचे वेल्डर जॉब कार्डावर खडूने 'अंतरपाट' नाहीतर 'रजिस्टर' लिहितात. मी क्वालिटीचा माणूस, पण कधी पुसलं नाही.

*

ऑडिटर आला. उंच, गोरा, घामाघूम. त्याने फळ्यावर एक सरळ रेघ ओढली, बाण काढला आणि रेघेवर त्रिकोण. "वेल्डिंग कुठल्या बाजूला?"

एक वेल्डर तडक म्हणाला, "बाणाच्या!" दुसरा म्हणाला, "पलीकडच्या!" ऑडिटरने दोघांच्याही नावापुढे फुली मारली. मग तात्यांची पाळी.

तात्या फळ्याकडे बघतच राहिले. मालकांनी रुमाल काढला.

शेवटी तात्या सुवर्णा मॅडमना म्हणाले, "सायबाला इचारा, अंतरपाट काढायचा राह्यलाय, का रजिस्टर लग्न हाय?"

सगळे फिस्सकन हसले. ऑडिटर विचारायला लागला, काय म्हणाले? मॅडमनी बिचाऱ्यांनी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. मग ओढणी आडवी धरून अंतरपाटसुद्धा दाखवला. ऑडिटरने आधी फळ्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे. खूण अमेरिकन की जर्मन, हे त्याने मुद्दामच सांगितलं नव्हतं आणि ते विचारणारे तात्या पहिलेच. त्याने मार्करचं टोपण लावलं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. तात्यांच्या नावापुढे शेरा होता: "दोन्ही प्रकारची लग्नं लावण्यास पात्र."