नातीची दक्षिणा

माझी नात इंग्लंडला शिकायला निघाली तेव्हा तिच्या सामानात मी माझ्या हस्ताक्षरातली नित्यपाठाची वही ठेवली. सावली नावाच्या तालुक्याच्या गावी देवळाची पूजा सांभाळत आणि शाळेत संस्कृत शिकवत माझे आयुष्य गेले. देण्याजोगे दुसरे काही माझ्याजवळ नव्हते.

पाणी शुद्ध करण्याच्या शास्त्रात ती तिथे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. ते चालू असताना एका पावाच्या दुकानात ती आठवड्याचे वीस तास काम करी. पदवी हाती आली की विद्यार्थ्याला त्या देशात काही काळ नोकरी करण्याची परवानगी मिळते. ती मिळवावी, अनुभव घ्यावा आणि मग परतावे, असा तिचा बेत होता. तिचे पुढचे सारे त्या परवानगीवर अवलंबून होते.

त्या नगरातील मराठी कुटुंबांनी एका सभागृहात गणपतीची स्थापना केली होती. नातीचा पाठ शुद्ध आहे हे कळताच त्यांनी तिला रविवारी मुलांना स्तोत्रे शिकवण्याची विनंती केली. तिने मला विचारले. मला जो आनंद झाला तो लपवण्याचे कारण नाही. मी म्हणालो, "जरूर शिकव. आणि यजमान दक्षिणा देतील ती परत करू नकोस. दक्षिणेवाचून त्यांचे कर्म अपुरे राहते."

आमच्या घरचा आणखी एक नियम असा की दक्षिणा किती मिळाली, मिळाली की नाही, हे एकमेकांना कधीही विचारायचे नाही. म्हणून पुढे कित्येक महिने मी फोनवर एवढेच विचारी, "यजमान संतुष्ट झाले ना?" ती म्हणे, "हो आबाजी, लय खूश आहेत."

तिची पदवी महिन्याभरावर आली होती. धानाच्या मळणीचे दिवस होते. माझे शेजारी, निवृत्त मुख्याध्यापक, सकाळी बोडीतले, म्हणजे शेताकडच्या लहान तळ्यातले, शिंगाडे घेऊन आले. त्यांचे घर बौद्ध, माझे देवळाला लागलेले. पण आम्हा दोघांत सकाळचे वर्तमानपत्र मात्र गेली तीस वर्षे एकच. त्यांची मुलगी याच मार्गाने इंग्लंडात शिकून तिथे नोकरीला लागलेली. मी कौतुकाने नातीच्या रविवारच्या वर्गाची गोष्ट सांगितली, तेव्हा ते शिंगाडा सोलता सोलता थांबले.

"महाराज, पैसे घेते का थे पोरगी?"

"पैसे कसले, भाऊ? दक्षिणा."

"आपल्यासाठी दक्षिणा. तिथल्या सरकारले तं कमाईच दिसन. आठवड्याले वीसच तास, अन् थे बी कोणाकडं नोकरी करून. सोताचा धंदा विद्यार्थ्याले चालतच नाई. माह्या पोरीले शेजारणीच्या पोराची शिकवणी घ्याची होती, तं विद्यापीठानं साफ नाई म्हटलं."

"आणि घेतली असती तर?"

त्यांनी हातातला शिंगाडा खाली ठेवला. "पुढची परवानगी अडू शकते. व्हिसा बी जाऊ शकते." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "पण आधी तिले विचारा तं खरं. तुमी तं आताच तिले परतीच्या विमानात बसवून राह्यले."

"तिथे अजून उजाडायचे आहे."

"मंग तवरीक शिंगाडे खा."

शिंगाडे तसेच ठेवून मी देवळात गेलो. अभिषेकाचा संकल्प सोडताना तिथी चुकलो. इतक्या वर्षांत असे कधी घडले नव्हते. नातीने आपल्या बुद्धीने काही केले असते तर निभावले असते, पण ती माझ्या शब्दाप्रमाणे वागली असणार. तिने तो लहानपणापासून कधी मोडला नाही याचा मला अभिमान होता, आणि त्या सकाळी मला त्याच गोष्टीचे भय वाटत होते. देवाजवळ मी काय मागितले ते लिहायला संकोच वाटतो. तिने माझे ऐकलेले नसावे, एवढेच मी मागितले.

दुपारी फोन लागला. घरचा नियम मोडून मी विचारले, "बाळ, तू दक्षिणा घेतेस का?"

ती हळूच म्हणाली, "आबाजी, रागावणार नाई ना?"

"सांग."

"नाई घेत. एकदा बी नाई घेतली."

"का?"

"पहिल्या रविवाराच्या आधीच विद्यापीठाच्या कचेरीत विचारून आली. परदेशी विद्यार्थ्यांसाठी असते तशी एक तिथं. त्या बाई म्हणाल्या, मोबदला घेऊन शिकवणं चालणार नाई, सेवा म्हणून शिकव. मंडळींना तसंच सांगून टाकलं. त्यांचं कर्म अपुरं राहू नये म्हणून आरतीनंतर दक्षिणेच्या जागी नमस्कार तेवढा घेते. मोठमोठ्या बाया वाकतात, मलेच लाज वाटते."

"मग मला का सांगितले नाहीस?"

"तुमी कुठी विचारलं? तुमी विचारत होते, यजमान संतुष्ट आहेत का. फुकटात शिकवून राह्यली मी, असंतुष्ट कशाले होतीन थे?"

मी हसलो. हसता हसता डोळे भरून आले, आणि फोन सुनेच्या हाती द्यावा लागला. उभ्या आयुष्याच्या अध्यापनात शिष्याने आज्ञा मोडल्याचे एवढे समाधान मला कधी लाभले नव्हते. संध्याकाळी मुख्याध्यापकांना हे सांगितले, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "पोरगी हुशार हाये, महाराज. तुमच्यावर नाई गेली."

निकाल लागल्यावर तिने अर्ज केला. काही आठवड्यांनी परवानगी आली, आणि नदीचे पाणी शुद्ध करणाऱ्या एका कंपनीत कामही मिळाले. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी तिचा नमस्काराचा फोन आला.

"आबाजी, मंडळी म्हणून राह्यली, आता तं विद्यार्थी नाई तू, आता दक्षिणा घे. घेऊ का?"

"आधी त्या कचेरीतल्या बाईंना विचार," मी म्हणालो, "आणि त्या काय म्हणतात ते मलाही कळव."