म्हसूमामाची पत्रिका

दत्ता शाळेची व्हॅन चालवतो. कासार आंबोलीची चौदा पोरं भूगावच्या शाळेत सोडायची आणि आणायची हा त्याचा धंदा, आणि काळजी करणं हा जोडधंदा. कुठं जायचं ठरलं, की हा बाबा आदल्या दिवशी चारही टायरांना लाथा मारून बघणार, पाण्याचा कॅन भरणार आणि कॅलेंडरच्या जुन्या पानामागं यादी लिहायला बसणार. किती वाजता कुठं पोचायचं, तिथं किती मिनिटं थांबायचं. चहालासुद्धा मिनिटं ठरलेली. बायको कोंडाबाई म्हणते, ह्यांच्या यादीत शिंकायला जागा न्हाई. पण यादी केल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

यंदाच्या जानेवारीतल्या यादीनं मात्र त्याची झोपच उडवली. धाकट्या करिष्माचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं आणि पत्रिका वाटायला हातात फक्त शनिवार-रविवार. सोमवारी सव्वीस जानेवारी, म्हणजे झेंड्यासाठी पोरं सकाळी सातच्या आत शाळेत पोचवायची. बरं, सुट्टी काय एकट्या दत्ताला होती? जोडून तीन दिवस आले की सगळं पुणं मुळशीच्या रस्त्यावर येतं आणि आपल्याला पंधरा मिनिटांच्या दुकानाला जायला तास लागतो. तसा तो आठवडा होता.

त्यात त्यांच्या धनगरांच्या घरात पत्रिकेला क्रम असतो. पहिली देवाला, म्हणजे वीरच्या म्हस्कोबाला. दुसरी मुलीच्या मामाला, तीही घरच्यांनी हातात नेऊन द्यायची. मग बाकीची दुनिया. आता देव बसलाय पुण्याच्या पल्याड वीरला, आणि मामा मेंढरं घेऊन उतरलेला कोकणात, ताम्हिणी घाट ओलांडून निजामपूरच्या अलीकडं. एक टोक उगवतीला, दुसरं मावळतीला, आणि मधे गाड्यांनी तुंबलेला पुण्याचा चांदणी चौक.

मामा म्हणजे कोंडाबाईचा थोरला भाऊ, म्हसू. त्याच्याशी आधीच एक जुनं दुखणं होतं. थोरल्या पल्लवीचं लग्न कोरोनाच्या दिवसांत घाईघाईनं झालं. तेव्हा दत्तानं पत्रिका फोनवर पाठवली आणि मोकळा झाला. म्हसू लग्नाला आला नाही. मामा म्हणून पोरीच्या पाठीशी कोंडाबाईचा कुणीतरी लांबचा चुलतभाऊ उभा केला. कोंडाबाईनं त्या लग्नाचा व्हिडिओ आजतागायत पाहिलेला नाही. भावानं निरोप तेवढा धाडला होता, की धाकटीच्या वेळेला पत्रिका रीतीनं हातात आली तरच मामा म्हणून उभा राहीन, नाहीतर बहिणीचं दार मला बंद. दत्ताला धास्ती होती ती याची.

शनिवार चांगला गेला. पहाटे निघून साडेआठला वीरला पोचले. कोंडाबाईनं कुंकवाचा करंडा पिशवीतून काढला, पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदी-कुंकू लावलं आणि देवापुढं ठेवली. येताना सासवडला आतेबहिणीच्या घरावरून गेले, पण थांबले नाहीत. मामाच्या आधी तिला कशी द्यायची?

भूगावला मात्र घोडं अडलं. गाड्यांची रांग हलेना, आणि नेमकी व्हॅन उभी राहिली बापूसाहेबांच्या ऑफिससमोर. बापूसाहेब म्हणजे तिथले जुने जमीनदार. अर्ध्या रानाचे प्लॉट पाडून विकले, उरलेल्यातल्या एका तुकड्यावर लग्नाचं लॉन केलं, आणि तेच लॉन त्यांनी करिष्माच्या लग्नाला दिलेलं. त्यांनी खिडकीतून दत्ताला बघितलं आणि हाक मारली. आला आहेस तर पत्रिका देऊन टाक, म्हणाले, परत कशाला हेलपाटा मारतोस.

दत्ताच्या डोक्यात तेव्हा फक्त यादी होती. सोमवारी झेंड्यानंतर भूगाव, पंचवीस मिनिटं, असं लिहिलेलं. ते आत्ताच उरकत होतं. एवढ्या मोठ्या माणसाला नाही तरी कसं म्हणायचं? त्यानं कोंडाबाईला उतरायला सांगितलं.

"तुमी द्या जावा. मी उतरत न्हाई," ती म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

दत्तानं मागच्या सीटवरच्या गठ्ठ्यातली पत्रिका दिली, चहा घेतला, यादीतल्या भूगाववर काट मारली. एक थांबा वाचला म्हणून स्वारी खूश. ही खुशी टिकली संध्याकाळपर्यंत. घरी येऊन फोन उघडला, तर बापूसाहेबांनी पत्रिकेचा फोटो स्टेटसला लावलेला, आणि खाली लिहिलेलं: दत्ताच्या लेकीची मानाची पहिली पत्रिका आम्हाला.

दत्ताच्या तोंडचं पाणी पळालं. म्हसू पावसाळ्यात बापूसाहेबांच्याच माळावर मेंढरं बसवतो, त्याच्या फोनात त्यांचा नंबर आहे. दत्तानं लगेच मेव्हण्याला फोन लावला. बंद. तासाभरानं लावला, बंद. जेवण झाल्यावर लावला, तरी बंद. म्हणजे त्यानं बघितलं आणि फोन बंद करून बसला, असं दत्तानं धरूनच टाकलं. कोंडाबाई म्हणाली, रानात कुटं चार्जिंग करणार त्यो. पण ते ऐकायला दत्ता जागेवर होता कुठं? पल्लवीच्या वेळेला आपण चुकलो, आणि आता पुन्हा आपणच, या विचारानं तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. आपल्या हातानं बायकोचं माहेर तोडलं, असं त्याला वाटत होतं.

रविवारी पाचला निघाले, पण पुणंही पाचलाच निघालं होतं. मुळशीला धरणाच्या कडेनं गाड्यांची माळ लागलेली. कुणी कठड्यावर चढून रील काढतंय, कुणी रस्त्यातच मॅगी खातंय. घाटात तर एक बस आडवी झाली आणि चार तास गेले. पाऊलभर सरकायचं की पुन्हा ब्रेक. दत्ता सारखा यादीकडं बघायचा, घड्याळाकडं बघायचा आणि पुढच्या गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मेंढरं एका जागी थांबत नाहीत. म्हसूनं खूण सांगितली होती ती दोन आंब्याची झाडं आणि पडीक खळं, आणि तिथून तो शुक्रवारीच हलणार होता. नवी जागा फोनवर कळणार होती, आणि फोन बंद. आता कुठं शोधायचा? त्याला मनापासून रडू येत होतं, पण गियर बदलायचे होते.

दुपारी तीनला दोन आंबे दिसले. खाली कापडाचं पाल होतं, घोडी बांधलेली होती आणि म्हसू खाटल्यावर बसलेला होता. दत्ताचा जीव भांड्यात पडला तो क्षणभरच, कारण म्हसू उठला नाही. त्याची बायको साळूबाई पाणी घेऊन आली, तिनं नणंदेला जवळ घेतलं. म्हसू दत्ताकडंच बघत होता.

"दाजी, देवामागनं माझा मान व्हता का बापूसाहेबांचा?"

दत्तानं खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. चुकलो, म्हणाला. तिथं गाडी अडकली, आणि एक फेरी वाचंल म्हणून दिली.

तेव्हा कोंडाबाई पुढं आली. तिनं पिशवीतून करंडा काढला.

"दादा, बापूसाहेबांच्या पत्रिकेला कुंकू लागल्यालं न्हाई. म्या लावूच दिलं न्हाई. बिनकुंकवाचा कागुद हाय त्यो. देवानंतर ह्यो करंडा आत्ता उघडतीया, तुझ्यापुडं."

तिनं चारी कोपऱ्यांना कुंकू लावून पत्रिका भावाच्या हातात दिली. म्हसूनं ती कपाळाला लावली आणि डोक्याच्या मुंडाशात खोवली. दत्ता बायकोकडं वळला. अगं मग कालच का सांगितलं नाहीस, माझा जीव टांगणीला लागलेला, असं तो पुटपुटला. तुमी यादी सोडून कुटं बघत व्हता, ती म्हणाली.

दत्तानं घड्याळ बघितलं. निघायला हवं होतं. उद्या झेंडा, आणि झेंड्यानंतर आता भूगावला कुंकू घेऊन पुन्हा थांबायचं. उठता उठता त्याची नजर रानाकडं गेली. जमीन नुसती उघडी पडलेली, काडी म्हणून शिल्लक नाही, आणि मेंढरं माना खाली घालून ओरडत होती. हितं तर काहीच उरलं न्हाई, तो साळूबाईला म्हणाला, तुमी शुक्रवारीच हलणार होता ना?

"व्हय," ती म्हणाली. "पर ह्यांनी हलू दिलं न्हाई. काल त्यो फोटू बघून लई तापलं, फोन बंद पडस्तोवर बघत बसलं. तरी म्हनलं, दाजी येनार, आपुन हितं न्हाई दिसलो तर कुटं शोधत फिरतील. दोन दिस झालं, मेंढरं निम्म्या पोटावर हायेत."

दत्ता पुन्हा खाली बसला. खिशातली यादी त्याच्या हाताला लागली, तशी त्यानं ती बाहेर काढली. सगळ्यांच्या नावापुढं मिनिटं होती. म्हसूच्या नावापुढं त्यानं वीस मिनिटं लिहिली होती.

म्हसूनं विचारलं, चहा टाकायचा का जेवूनच जाताय? दत्ता म्हणाला, जेवून जातो.