जा आणि ये

वारज्यात सुहासिनीताईंच्या शिवणयंत्राशेजारी पाटी होती : ‘ब्लाऊज झाल्यावर कळवू. विचारू नये.’ जीभ अशी तिखट, पण एक गोष्ट त्या जपायच्या. घरातून निघणाऱ्याला ‘जा’ म्हणायचं नाही, ‘ये’ म्हणायचं.

मुलगा तेजस भुतांच्या सिनेमांचा वेडा. त्यातही हरवलेल्या माणसांच्या कॅमेऱ्यात सापडलेलं चित्रण म्हणून दाखवतात, ते सिनेमे त्याच्या खास आवडीचे. ताई शेजारी हुक लावत बसायच्या.

“भूत अंगावर येतंय आणि हा शूटिंग करतोय! पळ की मेल्या!”

“आई, भीती भुताची नसतेच गं,” तेजस हसायचा. “सुरुवातीला ती पोरं चहा पितात, चेष्टा करतात, ते बघ. ती परत येणार नाहीत हे आपल्याला ठाऊक असतं. त्यांना नसतं.”

“काहीतरीच तुझं.”

गेल्या श्रावणात तेजस मित्रांबरोबर गडावर गेला आणि कड्यावरून घसरला. पोलिसांनी त्याचा फोन परत दिला. त्यात त्या सकाळी घरातूनच सुरू केलेला एक व्हिडिओ होता. “आई, आधी तू बघ,” मुलगी ऋतुजा म्हणाली. ताईंनी फोन कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. त्या सकाळी चुकलेली शिलाई उसवता उसवता, वैतागून, त्या तेजसला “जा एकदाचा” म्हणाल्या होत्या. तो शब्द पुन्हा ऐकायची त्यांची छाती होत नव्हती.

वर्षश्राद्ध झालं त्या दुपारी त्यांनी फोन बाहेर काढला.

पडद्यावर त्यांचंच घर. तेजसचे बूट, यंत्राची घरघर, त्यांची स्वतःची पाठ. “येतो गं आई.” “जा एकदाचा!” सगळं रोजचंच. पुढचं काय ते फक्त ताईंना माहीत होतं. तेजस सांगायचा ती भीती हीच, हे त्यांना आता कळलं.

“जाऊ नको रे,” त्या फोनला म्हणाल्या.

दार लागलं. जिन्यात पावलं वाजू लागली. ताईंनी व्हिडिओ बंद करायला बोट उचललं, तोच वरच्या कठड्याकडून आवाज आला. त्यांचाच, धाप लागलेला.

“ये रे! ये म्हणतेय मी!”

ताईंना हे मुळीच आठवत नव्हतं. वर्षभर ‘जा’ उगाळताना त्यामागून आलेला ‘ये’ पुसूनच गेला होता. त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला. फोन तेजसच्या हातात होता. फोनला ऐकू आलं, म्हणजे त्यालाही आलं असणार.

ताईंनी ऋतुजाला हाक मारली आणि मग त्यांना रडू आवरेना.